डाव्या हाताची पट्टी

संध्याकाळी सहा वाजता, लढतीला तासभर असताना निरोप आला, आजच्या विजेतीला किताब मिळणार नाही. दुखापतीमुळे दीड वर्ष घरी असलेल्या जुन्या विजेतीलाच बॉक्सिंग संघटनेने पुन्हा विजेती ठरवलं होतं. मामा भाचीच्या उजव्या मुठीला पट्टी बांधत होते. प्रतिस्पर्धिणीचा प्रशिक्षक नियमाप्रमाणे समोर उभा राहून प्रत्येक वेढा बघत होता. "सोफ्यावर बसून जिंकली म्हणायची," मामा म्हणाले. "मग आमची कशासाठी मार खाणार?" "क्रमवारीसाठी," प्रशिक्षक म्हणाला. "हरली की घसरली. लढलीच नाही तरी घसरली." "आणि जिंकली तर?" "पहिली." "पहिली तर ती आत्ताही आहे." भाचीने विचारलं, "तुमच्या बॉक्सरला सांगितलंत?" "शेजारच्या खोलीत किताबासाठी घाम गाळतेय. तुम्हीच सांगा, कसं सांगू?" त्याने उजव्या पट्टीवर तपासल्याची सही केली. साडेसहाला, लढतीला अर्धा तास उरला तरी, भाचीचा डावा हात मांडीवर पट्टीविना उघडाच होता.