भोंगा वाजल्यावर
कारखान्याचा भोंगा वाजला तशी आमची सगळी वाडी टेकडीवर चढली. वायू गळला होता आणि खाली फाटकापाशी पिवळट धूर पसरत होता. रुपाचा नवरा भगीरथ आत कामावर होता. ती फाटकाकडे धावायला निघाली, तेव्हा तिच्या सासूने, बुधीने, तिचं मनगट धरलं. "बस गो. तो इकडंच येल." मागच्या गळतीत बुधीचा नवरा असाच लेकाला, या भगीरथालाच, शोधत फाटकावर गेला होता. लेक केव्हाच मागच्या बाजूने बाहेर पडला होता. बाप मात्र फाटकातच छाती धरून पडला, तो उठला नाही. त्यानंतर वाडीने कारखान्याकडून एकच गोष्ट मागून घेतली. भोंगा झाला की कामगारांना मागच्या दाराने टेकडीवर पाठवायचं, म्हणजे घरच्यांना ते डोळ्यांनी दिसतील. आज तसं होण्याची पहिलीच वेळ होती. "आन् नाय आला तर?" रुपा हिसडे देत होती. ओढाताणीत तिची हिरवी बांगडी फुटली. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. रुपाचा चेहरा पांढरा पडला. "फुटू दे," बुधी म्हणाली. "बांगड्या मुरबाडच्या बाजारात मिळतात." खालून माणसं येऊ लागली, तोंडाला ओली फडकी बांधलेली. भगीरथ सगळ्यांत शेवटी आला. फडकं काढून, दम खात म्हणाला, "आये, सोड तिला. हात मोडशील तिचा." बुधीने मान हलवली, पण तिची बोटं उघडेनात. शेवटी आम्ही दोघीतिघींनी ती एकेक करून सोडवली.