वारलूच्या गालावर

अयूबभाईनं कॉम्प्युटरचा पडदा सुकरीबाईकडे वळवला. वीस वर्षं पेटीत घडी होऊन पडलेला तिच्या नवऱ्याचा, वारलूचा, लग्नातला फोटो त्यानं सकाळपासून बसून साफ केला होता. घडीची रेघ गेली, ओलीचे डाग गेले. वारलू कसा कालच स्टुडिओत येऊन बसल्यासारखा दिसत होता.

"चांगला झाला," सुकरीबाई म्हणाली. "आता याच्या गालावर अस्वलाचा ओरखडा घाला, भाऊ. डोयापासून हनुवटीपर्यंत."

अयूबभाईला हसू आलं. मूल गावचे निम्मे नवरदेव त्यानं याच मशीनवर गोरे करून दिले होते. लोक वांग घालवायला येत, मस घालवायला येत. जखम मागायला आजवर कोणी आलं नव्हतं.

"कधी लागलं होतं त्याले?"

"लगनाच्या पाच वर्सानं."

"मग लगनाच्या फोटोत ते कसं येईन, बाई? मी हातानं काढलं तर हा फोटो नाई राह्यत. चित्र होते."

"होऊ द्या चित्र. तो गेला मागच्या साली. दुसरा फोटो नाई माह्यापाशी. अन् लहान पोरगी याले पाहून म्हणते, हा माहा बाबा नोहे."

अयूबभाईला आपल्या हसण्याची लाज वाटली. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

सुकरीबाई स्वतःच्या साफ गालावर बोट फिरवून दाखवत होती आणि माऊस तिच्या बोटामागून चालत होता. आधी एक रेघ. तिच्या शेजारी आणखी दोन. खालची पापणी थोडी ओढलेली. आजवर जे पुसायला शिकला, ते सगळं त्याला उलट्या बाजूनं आठवावं लागत होतं. काम जमलं, पण त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं हळूच ओरखडे थोडे फिके केले.

"कमी नका करू, भाऊ."

"थोडा सुंदर दिसू द्या ना त्याले."

"सुंदरच होता."

तिनं पडद्यावरच्या त्या गालाला हात लावला आणि तोच हात कपाळाला टेकवला.

"मोहाची फुलं वेचताना अस्वल माह्यावर आलं होतं. तो आमच्या मधात आला."