सेकंदाला अठ्ठावन्न किलो

महानतेपुढे माणूस आपोआप हात जोडतो. मगदूम तात्यांनी जांभई दिली.

साखर कारखान्यातल्या इंजिनिअर श्रेणिकला मुलगी द्यायची की नाही, हे ते त्याचं काम बघून ठरवणार होते. “दिवसाला पाच हजार टन ऊस गाळतो आम्ही,” तो अदबीने म्हणाला.

“टन कुणी उचललाय? किलोत सांगा, पाव्हणं.”

श्रेणिकने घाम पुसत मनात भागाकार केला. “सेकंदाला अठ्ठावन्न किलो.”

“आँ? माझं वजन अठ्ठावन्न!” तात्या गव्हाणीकडे वळले. तिच्या सरकत्या पट्ट्यावरून ऊस चरकात शिरत होता. त्यांनी चुटकी वाजवली. “हा गेलो मी.” पुन्हा चुटकी. “हा परत गेलो!” टोपी काढून त्यांनी हात जोडले. “दिली पोरगी.”

त्या अठ्ठावन्नातलं चाळीस किलो निव्वळ पाणी असतं, हे श्रेणिकने लग्नानंतर सांगितलं.