पंचाहत्तरीचा व्हिडिओ

"आई, आता नीट दिसतायत का बाबा?" शाल्मलीने विचारलं. ऑफिसच्या कामासाठी घेतलेला त्रेचाळीस इंची स्क्रीन तिने आज बाबांच्या पंचाहत्तरीच्या व्हिडिओसाठी लावला होता. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

स्क्रीनवर ताटात पंच्याहत्तर दिवे तेवत होते, आई बाबांना ओवाळत होती. बाबांच्या डोळ्यांतली पिवळी झाक फोनवर बघताना शाल्मलीला दिव्यांचा उजेड वाटायची. पण इथे सगळं लख्ख दिसत होतं. सदरा पांढराशुभ्र, केसही पांढरे. पिवळे होते ते फक्त डोळे.

कावीळ त्या वाढदिवसानंतर दोन महिन्यांनी कळली, तेव्हा कॅन्सर यकृतभर पसरला होता. "थोडं आधी लक्षात यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले होते.

"अगं, किती तेज आहे बघ चेहऱ्यावर!" आई हरखून म्हणाली. "पुन्हा लाव ना."

 शाल्मलीने व्हिडिओ पुन्हा लावला. बाबा थेट तिच्याकडे बघत म्हणाले, "पुरे गं शूटिंग. ये, बस जरा माझ्यापाशी."

"थांबा हो बाबा," तिचाच हसरा आवाज आला, "आधी इकडे नीट बघा."