मिसळणाच्या डब्यातली हिरवी गोळी

रेवतीच्या एवढ्याशा खोलीत कपाट नव्हतं. तिघांचे कपडे मिसळणाच्या डब्यात मावत. घडी घालून दाबलं की कापडाची सुपारीएवढी गोळी व्हायची. ती तळहातावर धरली की मालकाची नाडी ओळखून उलगडायची. परक्या हातावर मात्र ढिम्म!

पण मधल्या वाटीतली हिरवी गोळी कुणाच्याच हातावर उघडेना. रेवतीने नवऱ्याचाही हात धरून पाहिला.

"आत्या, ही आहे तरी कुणाची?" शेवटी तिने सासूबाईंना विचारलं.

तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "माझीच की. पण आता माझ्याही हातावर उघडायची नाही."

ही काय भानगड! रेवतीला चैन पडेना. रोज सकाळी कपडे काढताना ती एकदा तरी ती गोळी हातावर घेऊन बघायची.

आज गोळी थरथरली. बघता बघता काठापदराची हिरवीगार साडी रेवतीच्या पायांवर सांडली.

"अगं बाई! आत्या, ही माझ्या हातावर कशी उघडली?"

सासूबाईंच्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

"माझ्या डोहाळजेवणाची साडी आहे ती," त्या म्हणाल्या. "तिला नाडी कुणाचीही चालते, फक्त दोन जिवांची लागते. तू आधी खाली बस बघू."