बैलजोडीची छपाई

आबासाहेब हवालदारांनी प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली आणि आतला काळा टी-शर्ट बाहेर काढून पसरला. छातीवर शर्यतीत सुटलेली पांढरी बैलजोडी होती. माना खाली, शेपट्या वर.

कानिफनाथने हातातली फ्रेम बाजूला ठेवली. काष्टीत टी-शर्ट छापून देणारं त्याचं जुनं दुकान. गणपतीची मंडळं, शर्यतवाले, हळदीची वऱ्हाडं, सगळी त्याच्याकडेच यायची. त्यामुळे हवालदार आले यात नवल काही नव्हतं.

आबासाहेबांनी थोडक्यात सांगितलं. कालव्याच्या दाराला प्रेत अडकलं होतं. पोरगाच असावा. पाण्यात राहून चेहरा उरला नव्हता, खिशात काही सापडलं नव्हतं. शर्ट तेवढा धड होता. एवढं पाणी खाऊनही छपाई उडाली नाही, म्हणजे कुणी तरी मुद्दाम करून घेतलेली असणार, असा त्यांचा अंदाज होता.

"तुमच्या हातची हाय का, भाऊ?"

कानिफनाथने हात पुसले. शर्ट ट्यूबलाईटखाली धरला, बैलाच्या पाठीवरून नख ओढलं, उलटा करून शिवण पाहिली. कापडाला फिनेलचा वास होता.

"हाताच्या छपाईत शाई कापडावर बसती, साहेब. नखाला लागती. हिथं काय लागतंय? मशीनचा माल हाय ह्यो."

असले शर्ट बाहेरून गठ्ठ्यांनी येतात, आठवड्याच्या बाजारात ढीग लावून विकतात, कुणी घेतला ते विकणाऱ्यालाही सांगता यायचं नाही, असं त्याने समजावून सांगितलं. आबासाहेबांनी स्वतः नख ओढून पाहिलं आणि मान हलवली.

चहा आला. आबासाहेब कारखान्याच्या हंगामाबद्दल बोलले, रस्त्याबद्दल बोलले. कानिफनाथ हो ला हो म्हणत राहिला. त्याच्या चहावर साय धरली. ते उठले तेव्हा त्याने विचारलं,

"कुनी आलंच न्हाई तर?"

"बेवारस म्हनून पुरायचं."

"जाळत न्हाईत?"

"न्हाई. उद्या कुनी दावा केला, तर वर काढता आलं पायजे."

कानिफनाथने शर्टाची घडी घातली. गिऱ्हाइकाला देताना घालायचा तशीच, छाती वर ठेवून. पिशवीत सरकवला आणि पिशवीचं तोंड दुमडून दिलं.

ते गेल्यावर त्याने शटर अर्धं ओढलं. माळ्यावरच्या फ्रेमांमागून एक फ्रेम काढली. तिच्या जाळीवर तीच बैलजोडी होती. शाई न लावता, औषधाने कापडाचाच काळा रंग उडवून चित्र काढायची ही छपाई. वर काही बसत नाही, त्यामुळे घामात अंगाला चिकटत नाही. सगळ्या आयुष्यात त्याने ती एकदाच केली होती, एका शर्टापुरती. मोरीत बसून त्याने जाळी घासायला घेतली. आधी शेपट्या गेल्या, मग पाय. जाळी कोरी झाली तरी त्याचे हात घासतच होते.

घरी छबूबाई चुलीपुढे बसली होती. धाकटा, करण, दुकानात बसायचं नाही म्हणून भांडून दिवाळीनंतर निघून गेला, तेव्हापासून नवरा घरात शिरला की ती पहिलं त्याचंच विचारायची. आज तिने विचारलं नाही. कानिफनाथने पाय धुतले, पाटावर बसला, आणि आपणच म्हणाला,

"करणचा फोन आला हुता. सुरतला हाय. बरा हाय म्हनला."

छबूबाईने तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. मग ताट वाढलं, त्याच्यापुढे सरकवलं आणि पदराला हात पुसले.

"आबासाहेब आदी हिथं आले हुते, तुमाला इचारत," ती म्हणाली. "मला बी दावला शर्ट. म्या म्हनलं, असला आमच्या घरात कदी धुतला न्हाई."