कणकेचं लिंबू

लिंबू-चमच्याच्या शर्यतीत बालवाडीतली मैथिली पहिली आली. बाकीची पोरं अजून मैदानात वाकून आपापली लिंबं उचलत होती. सरोजताईंनी तिचा घरून आणलेला चमचा हातात घेऊन उलटा केला. लिंबू हललंसुद्धा नाही. खाली कणीक थापलेली होती.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे कुणी केलं?"

"मी," मैथिलीची आई हसत म्हणाली. "घरी सराव करताना सारखं पडायचं हो, रडायची. म्हटलं, आज सगळ्यांसमोर नको."

"अहो, पडू दे की! पडलं तर उचलायचं आणि पुन्हा पळायचं, एवढंच तर शिकवतोय आम्ही! आज कणीक लावलीत. उद्या हिच्या परीक्षेला काय, तुम्ही बसणार?"

"लहान आहे ती अजून!" आईचाही आवाज चढला. "बक्षीस द्यायचं नसेल तर सरळ सांगा!"

ताई तोंड उघडणार, तेवढ्यात मैथिलीने त्यांच्या हातातून चमचा ओढून घेतला. नखांनी कणीक खरवडून काढली, लिंबू ठेवलं, चमचा दातात धरला आणि ती पुन्हा रेघेवर जाऊन उभी राहिली. ताईंनी शिट्टी फुंकली.

चौथ्याच पावलाला लिंबू पडलं. आई धावली. ताईंनी तिचा दंड पकडला. "हात लावाल तर याद राखा!"

"सोडा मला! रडेल ती!"

मैथिली रडत नव्हती. तिने तोंडातला चमचा काढला आणि लालबुंद होऊन आईवर ओरडली, "तू येऊ नकोस! माझं लिंबू आहे!"